आठव्या इनिंगला बोलावलेला माणूस: टेड डॅन्सनचा सॅम मलोन आणि माजी खेळाडूची विनोदी भूमिका

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाची एकांकिका बसते आहे. मुख्य पात्र निवृत्त बेसबॉलपटू, आता स्वतःचा बार चालवणारा. भूमिका करणारा नट कॉलेजात क्रिकेट खेळलेला, बेसबॉल कधी हातात न धरलेला. दिग्दर्शकाने त्याला ‘चीअर्स’ ही बॉस्टनमधल्या एका बारवरची जुनी अमेरिकन विनोदी मालिका बघायला सांगितलं. ती पाहून त्याला पडलेला पेच रास्त आहे. तिचा नायक, माजी बेसबॉलपटू आणि बारमालक सॅम मलोन, मैदानावर जवळजवळ दिसतच नाही, तरी तो खेळाडू वाटतो, ते कशामुळे? त्यातलं रंगमंचावर काय उचलता येईल? आणि अकरा वर्षं एकच भूमिका करूनही टेड डॅन्सनवर तिचा कायमचा शिक्का कसा बसला नाही?

आधी मुद्द्याचं. ‘माजी खेळाडू’ एवढंच धरून तालीम सुरू केलीत तर छाती काढून चालणारा, मोठ्याने हसणारा, दिसेल त्याच्या पाठीवर थाप मारणारा एक ठोकळा तयार होईल. सॅम मलोन हा नुसता खेळाडू नाही, तो रिलीफ पिचर आहे. भूमिकेची किल्ली तिथे आहे, आणि बहुतेक जण मालिका बघतात तेव्हा हा तपशील कानाआड जातो.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, वेगळा असतो, त्याला स्टार्टर म्हणतात. तो साधारण पाच दिवसांतून एकदा उतरतो आणि सामन्याच्या नऊ इनिंगपैकी, म्हणजे डावांपैकी, झेपतील तितक्या ओढतो. रिलीफ पिचर कडेला बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, बसून असतो. सातवी, आठवी, नववी इनिंग; बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, समोरच्या संघाची माणसं उभी; आघाडी एका धावेची. अशा वेळी त्याला हाक येते. पिचरच्या उंचवट्यावर आल्यावर सरावाला मोजके चेंडू मिळतात, परंपरेने आठ, आणि लगेच खरा फलंदाज समोर. दोन-अडीच तास काहीच नाही आणि मग दहा मिनिटांत सगळं. या कामाची अधिकृत मोजदाद, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याचा ‘सेव्ह’ हा आकडा, १९६९ मध्ये नोंदींत आला. सॅमची काल्पनिक कारकीर्द साधारण त्याच जमान्यातली.

आता असा माणूस बारमागे कसा उभा राहील ते बघा. तो निवांत असतो, पण सुस्त नसतो. त्याला बसून राहण्याची, इतरांचा खेळ बघत राहण्याची सवय आहे. संकट आलं की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळणार हे तो गृहीत धरतो. डॅन्सनने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की रिलीफ पिचरला संघ अडचणीत असतानाच बोलावतात, त्यामुळे त्याच्या अंगात एक खास गुर्मी असते. ती आपल्यात नव्हती, आणि अंगी बाणायला वर्ष-दीड वर्ष गेलं, असंही तो म्हणतो. पहिला हंगाम आणि तिसरा हंगाम पाठोपाठ बघितला तर फरक दिसतो. सुरुवातीला तो गुर्मी चेहऱ्यावर आणतो, भुवया आणि हसू जरा जास्त काम करतात. पुढे ती पाठीच्या कण्यात उतरते आणि चेहरा मोकळा राहतो. तुमच्या नटाकडे वर्ष-दीड वर्ष नाही हे उघड आहे, म्हणून हा टप्पा पहिल्याच आठवड्यात ओलांडायला हवा. सोपा उपाय असा की तालमीत त्याला पहिली दहा मिनिटं एकही संवाद देऊ नका. बाकीचे प्रवेश करतील, तो बारमागे उभा राहून फक्त बघेल. मग एका ठरलेल्या जागी दुसरं पात्र त्याला मदतीला हाक मारेल आणि तो उत्तर द्यायला एक ठोका उशीर करेल. त्या एका ठोक्यात तो रिलीफ पिचर दिसला पाहिजे.

मूळ आराखड्यात सॅम बेसबॉलवाला नव्हताच, अमेरिकन फुटबॉल खेळलेला होता. ग्लेन चार्ल्स, लेस चार्ल्स आणि जेम्स बरोज या तिघांनी मालिका रचली. सॅमसाठी जे नट शेवटच्या फेरीत होते त्यांत फ्रेड ड्रायर हा खरोखरच व्यावसायिक फुटबॉल खेळलेला माणूस होता. निवड झाली सव्वासहा फुटांच्या आसपासच्या, सडपातळ डॅन्सनची. फुटबॉलपटूचं धिप्पाड शरीर त्याच्याकडे नव्हतं, म्हणून लेखकांनी पात्राचा खेळच बदलला आणि सॅम बॉस्टन रेड सॉक्स या संघाचा पिचर झाला. ड्रायर नंतर मालिकेत डेव्ह रिचर्ड्स या क्रीडावार्ताहराच्या भूमिकेत येऊन गेला. यातून तुमच्यासाठी एक गोष्ट: नटाचं शरीर खेळाला जुळत नसेल तर संहितेतला खेळ किंवा खेळाडूची जागा बदला. पोटाशी उशी बांधून किंवा खांद्यात पॅड घालून काम भागत नाही. बेसबॉलमध्ये तर हे सोपंच आहे, कारण पिचर उंच-बारीक चालतो, कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, बुटका-दणकट चालतो.

डॅन्सन तेव्हा चौतिशीत होता आणि विनोदी नट म्हणून त्याची ओळख नव्हती. जन्म १९४७ चा, सॅन डिएगोचा. वाढला ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळ. वडील पुरातत्त्वज्ञ आणि संग्रहालयाचे संचालक. शाळेत बास्केटबॉल खेळला, नाट्यशिक्षण पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये घेतलं. मग दुपारच्या मालिका, जाहिराती, ‘द अनियन फील्ड’मधला पोलीस, ‘बॉडी हीट’मधला नाचरा सरकारी वकील, ‘टॅक्सी’ या मालिकेत एका भागापुरता केशभूषाकार. चार्ल्स बंधू आणि बरोज ‘टॅक्सी’तूनच आलेले होते. बारवाल्याच्या कामासाठी तो बारटेंडिंगच्या वर्गालाही जाऊन आला. पडद्यावर मात्र सॅम गुंतागुंतीची कॉकटेल क्वचितच करतो. बहुतेक वेळ तो बीअरचे मग भरतो, फडका फिरवतो, लिंबं चिरतो. शिकलेलं सगळं दाखवायचा मोह त्याने आवरला, हे शिकण्याइतकंच मोलाचं.

मालिका ३० सप्टेंबर १९८२ ला एनबीसीवर सुरू झाली आणि २० मे १९९३ ला संपली. बाहेरून दिसणारा बार बॉस्टनच्या बीकन स्ट्रीटवरचा तेव्हाचा बुल अँड फिंच, आतला सगळा सेट हॉलिवुडात पॅरामाउंटच्या स्टुडिओत, समोर खरे प्रेक्षक. पहिल्या हंगामात प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती बरीच खाली होती, तरी १९८३ चा सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी हा टीव्ही पुरस्कार तिलाच मिळाला. वाहिनीने धीर धरला म्हणून पुढची दहा वर्षं झाली.

आता खेळाचं. सॅमच्या आयुष्यात बेसबॉल येतो तो प्रत्येक वेळी त्याला खजील करायला. ‘सॅम ॲट इलेव्हन’ या पहिल्या हंगामातल्या भागात डेव्ह रिचर्ड्स त्याची मुलाखत घ्यायला येतो, बार खुशीत असतो, आणि तेवढ्यात टेनिसपटू जॉन मॅकेन्रो मुलाखतीला तयार झाल्याचं कळताच कॅमेरावाले चालू मुलाखत सोडून निघून जातात. दुसऱ्या एका भागात बीअरच्या जाहिरातीत त्याला काम मिळतं, आणि त्यात रेड सॉक्सचा खराखुरा पिचर लुई टियांट दिसतो. कुठे त्याची जर्सी लिलावात निघते आणि बोली बोलायला माणूस मिळत नाही. नवव्या हंगामात, ‘पिच इट अगेन, सॅम’मध्ये, न्यूयॉर्क यांकीज या संघाच्या ज्या फलंदाजाने त्याला आयुष्यभर झोडलं त्याच्याच सत्कारासाठी त्याला चेंडू टाकायला बोलावतात. दहाव्यात तो खालच्या दर्जाच्या लीगमध्ये पुनरागमनाचा प्रयत्न करतो आणि परत बारमध्ये येतो. या सगळ्यात एकही पराक्रमाचा फ्लॅशबॅक नाही. पराक्रम दाखवला की प्रेक्षक त्याला मोजायला लागतो आणि विनोद मरतो. पराक्रम फक्त ऐकू आला, तोही जरा फुगवलेला, तर प्रेक्षक हसतो आणि आतून त्याला वाईटही वाटतं.

१९८८ च्या एका भागात वेड बॉग्ज हा रेड सॉक्सचा खराखुरा फलंदाज बारमध्ये येतो, आणि प्रतिस्पर्धी गॅरीच्या बारने थट्टा म्हणून तोतया पाठवलाय असं समजून मंडळी त्याला खोटा ठरवतात. खरा खेळाडू खोटा आणि काल्पनिक खेळाडू खरा. तुमच्या एकांकिकेत गावातला कुणी ओळखीचा क्रिकेटपटू पाहुणा म्हणून मिळत असेल तर याच रीतीने वापरा. त्याचा सन्मान करू नका, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

पण सॅमच्या घडणीत सगळ्यांत जास्त बघण्यासारखा भाग पहिल्याच हंगामातला, ‘एंडलेस स्लम्पर’. सॅमचं करिअर दारूने संपलं आणि आता तो दारू न पिणारा बारमालक आहे, ही मालिकेची मूळ मेख. या भागात रेड सॉक्सचा एक तरुण पिचर फॉर्म हरवून बसलेला असतो. सॅम त्याला आपलं शुभशकुनाचं झाकण उसनं देतो: बीअरच्या बाटलीचं पत्र्याचं साधं झाकण. पोराचा फॉर्म परत येतो, आणि सॅमच्या हातून वस्तू पडायला, फुटायला लागतात. हा पहिला विनोद. मग कळतं की पोराने ते झाकण हरवलं. मग बारमधली वेट्रेस डायन हिला सॅम सांगतो की ते झाकण त्याने प्यायलेल्या शेवटच्या बाटलीचं होतं. इथवर विनोदी वाटणारी वस्तू एका वाक्यात वजनदार होते. तो एक बाटली उघडतो, बीअरचा मग भरतो, समोर ठेवतो, बघत राहतो. शेवटी तो भरलेला मग बारवरून दूर सरकवून देतो आणि नवं झाकण जवळ ठेवतो.

हा प्रवेश आवाज बंद करून तीन-चार वेळा बघा. डॅन्सनचे हात जवळजवळ स्थिर आहेत. नट इथे सहसा दोन चुका करतात: ग्लासकडे हात नेऊन थरथरवतात, किंवा डोळ्यांत पाणी आणतात. दोन्हीमुळे प्रेक्षकाचं काम नट करून टाकतो. ग्लास प्रेक्षकाला नीट दिसेल अशा उजेडात ठेवा, नटाला त्याच्यापासून हातभर लांब ठेवा आणि साधारण सहा ते आठ सेकंद काहीही करू देऊ नका. मंडळाच्या हॉलमध्ये आठ सेकंद फार वाटतात. नट पाचालाच सुटतो, म्हणून विंगेतून मोजणारा माणूस ठेवा.

बीअरचा मग सरकवायचा असेल तर सरळच सरकवा. वळण घेऊन जाणाऱ्या मगाची गंमत पडद्यावर शोभते, तुमच्या प्लायवूडच्या काउंटरवर तो थेट पहिल्या रांगेत जाईल. जाड बुडाचा पॉलिकार्बोनेटचा मग घ्या, काचेचा नको. अर्ध्याहून कमी भरा, कारण भरलेला मग थांबताना हिंदकळतो. काउंटरचा पृष्ठभाग गुळगुळीत लॅमिनेटचा असू दे आणि मगाचं बूड ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरड्या बुडाने तो अडखळत, कटकट आवाज करत जातो. पाच फुटांच्या पुढे अंतर नको आणि शेवटी लाकडाची बोटभर उंच पट्टी ठोका. फेस टिकत नसेल तर बिनअल्कोहोलच्या बीअरमध्ये ऐन वेळी चिमटीभर मीठ टाका, बुडबुडे नव्याने सुटतात. ‘चीअर्स’च्या सेटवरही हलक्या बीअरमध्ये मीठ टाकून फेस धरत असत, आणि नॉर्म या नेहमीच्या गिऱ्हाइकाची भूमिका करणाऱ्या जॉर्ज वेंडला ते कोमट खारट पेय घोटाघोटाने प्यावं लागे.

आता शरीर. क्रिकेट खेळलेल्या नटाची अडचण अशी की ‘चेंडू टाक’ म्हटलं की त्याचा हात सरळ होतो, तो दोन पावलं धावतो आणि खांद्यावरून पूर्ण चक्र फिरवतो. बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून फेकतो, धाव घेत नाही, उडी मारत नाही. म्हणून त्याला गोलंदाजी विसरायला सांगण्यापेक्षा सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे केलेली फेक आठवायला सांगा. ती हालचाल पिचिंगच्या बरीच जवळ आहे आणि त्याच्या अंगात आधीच आहे.

मग टप्पे. रिलीफ पिचर बहुधा बेसवर माणसं असताना येतो, म्हणून मोठा वाइंडअप, म्हणजे फेकीआधीची लांबलचक हालचाल, न करता स्ट्रेच या पवित्र्यातून टाकतो. उजवा हात धरला तर डावा खांदा फलंदाजाकडे, उजवा पाय उंचवट्यावरच्या रबरी पट्टीला समांतर. दोन्ही हात छातीशी एकत्र, चेंडू ग्लोव्हमध्ये लपलेला, आणि पूर्ण थांबा. हा थांबा नियमानेच लागतो आणि रंगमंचावर तो सोन्यासारखा आहे. मग डावा गुडघा वर, डाव्या पायाचं लांब पाऊल पुढे, हात मागून वर येताना कोपर खांद्याच्या रेषेत, चेंडू चेहऱ्याच्या पुढे सुटतो, आणि हात विरुद्ध गुडघ्यापलीकडे उतरतो. शेवटचा उतार नवशिके गाळतात, सुटताक्षणी थांबतात, आणि तिथेच खोटेपणा उघडा पडतो. अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे १८.४४ मीटर, क्रिकेटच्या बावीस यार्डांहून थोडं कमी. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका पण घेराने किंचित मोठा, शिवण उठावदार आणि नालासारखी वळलेली. फास्टबॉलला तर्जनी आणि मधलं बोट शिवणीला आडवी जातात. कर्व्हबॉलला मधलं बोट शिवणीच्या कडेने बसतं, अंगठा खालून, आणि मनगट पुढे खाली वळतं, त्यामुळे चेंडू वरून खाली कोसळतो.

सरावाला चेंडूची गरज नाही. पिचर लोक एक जुना व्यायाम करतात: बोटांत छोटा टॉवेल धरून संपूर्ण फेक करायची आणि टॉवेलचं टोक पुढे धरलेल्या लक्ष्यावर आपटायचं. बारवाल्याच्या खांद्यावर फडका असतोच. तुमच्या नटाने आधी पाच मिनिटं खांदे मोकळे करून दिवसाला पंधरा-वीस वेळा हे करावं, त्याहून जास्त नको. सवय नसलेला खांदा दुसऱ्या दिवशी वर होत नाही. महिनाभरात फेक अंगात बसेल. मग प्रयोगात ती पूर्ण फक्त एकदा दाखवा, तीही तो एकटा असताना, फडक्यानेच.

बाकी वेळ तिचे अवशेष दिसू देत. लिंबू उचललं की ते दोन बोटं आणि अंगठ्यात बसतं, तळहातात नाही. जड क्रेट तो डाव्या हाताने उचलतो, फेकीचा हात जपायची जुनी खोड. वर फळीवरची बाटली काढताना उजवा खांदा किंचित अडतो. एका प्रयोगात यांपैकी दोनच वापरा. तिन्ही आलं की प्रेक्षकाला अभ्यास दिसतो, माणूस दिसत नाही.

विनोदाच्या तंत्राकडे येऊ, कारण डॅन्सनचं खरं कसब तिथे आहे आणि त्याची चर्चा कमी होते. ‘चीअर्स’मधली सगळ्यांत मोठी हशाची वाक्यं बहुतेक वेळा सॅमकडे नसतात. ती नॉर्मकडे, वेट्रेस कार्लाकडे, बारमधला मदतनीस कोच याच्याकडे, पुढे त्याच्या जागी आलेल्या वूडीकडे जातात. नॉर्म आत येतो, सगळे त्याचं नाव घेऊन ओरडतात, बारमागचा माणूस एक साधा प्रश्न विचारतो, नॉर्म उत्तर देतो, हशा पडतो. तो प्रश्न विचारणं हे काम आहे. प्रश्न खरा वाटला पाहिजे, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नाही असं दिसलं पाहिजे. वाक्याचं शेवटचं टोक खाली पडता कामा नये, नाहीतर उत्तराला उसळी मिळत नाही. हातातला फडका उत्तराच्या आधी थांबला पाहिजे, कारण प्रेक्षकाची नजर हलणाऱ्या वस्तूकडे जाते आणि वाक्य निसटतं. आणि स्वतः हसायचं ते हशा शिखरावर गेल्यानंतर, आधी नाही. सॅम बारच्या मधोमध उभा राहून हे करत राहतो. पूर्वी तो मैदानाच्या मध्यभागी उभा असे आणि सगळे त्याच्याकडे बघत. आता तो मध्यभागी उभा राहून दुसऱ्यांना खेळवतो.

हशा धरण्याचं गणित मराठी नाटकवाल्यांना नव्याने सांगायला नको, पण मंडळाच्या प्रयोगात ते नेहमी बिघडतं. हशा चढतो, टोकाला जातो, उतरायला लागतो. उतार अर्ध्याच्या थोडा पुढे गेला की पुढचं वाक्य. पूर्ण विझू दिलात तर पुढचं वाक्य थंड जमिनीवर पडतं. आधी घुसलात तर ते ऐकूच येत नाही आणि प्रेक्षक पुढच्या वेळी हसायला कचरतात. या मधल्या वेळात नटाने गोठून राहायचं नाही. तिथेच मग पुसायचा, गल्ला बंद करायचा. बार काउंटर याच कामासाठी वरदान आहे. त्याची उंची साधारण साडेतीन फूट ठेवा. टेबलाएवढा ठेवलात तर नट वाकून उभा राहतो आणि पिचरची उंची गेली.

सॅमच्या बाईलवेडेपणाबद्दल स्पष्ट सांगतो: तो भाग आज जसाच्या तसा उचलू नका. पहिल्या पाच हंगामांत समोर डायन होती, शेली लाँगने केलेली. ती त्याचा प्रत्येक डाव शब्दांनी उधळून लावायची, म्हणून तोल होता. १९८७ मध्ये ती गेली, कर्स्टी ॲलीची रिबेका आली आणि विनोदाची दिशा बदलली. माझ्या मते त्यानंतरचा सॅम चपटा होत गेला. आधी धूर्त आणि जखमी असलेला माणूस नुसता बाया हेरणारा आणि जरा मंद झाला. लेखकांनाही ते जाणवलं असावं, कारण शेवटच्या हंगामात त्याला याच सवयीसाठी गटोपचाराला बसवलं आहे. त्याच हंगामात तो कार्लासमोर डोक्यावरचा टोप काढतो. डॅन्सन स्वतः टोप वापरत असे, आणि अकरा वर्षं केसांवर हात फिरवणाऱ्या पात्राचा तो कबुलीजबाब मालिकेतल्या चांगल्या क्षणांपैकी आहे. तुमच्या पात्राला लफडेबाजीऐवजी हा मिरवणेपणा द्या. तो कुणाचंही नुकसान न करता हसवतो आणि वय लपवण्याची धडपड त्यातून आपोआप बोलते.

शिक्क्याचा प्रश्न. डॅन्सनने मालिका संपायची वाट पाहिली नाही. जानेवारी १९८४ मध्ये, दुसरा हंगाम चालू असताना, ‘समथिंग अबाउट अमीलिया’ या टीव्ही चित्रपटात त्याने स्वतःच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या बापाची भूमिका केली आणि तिला गोल्डन ग्लोब मिळाला. हसऱ्या बारमालकाची प्रतिमा नुकती बसत असताना हे धाडस होतं. १९८७ मध्ये ‘थ्री मेन अँड अ बेबी’ त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत पहिला आला. एमीचं मात्र बघा: सॅमसाठी अकराही वर्षं नामांकन आणि विजय फक्त दोनदा, १९९० आणि १९९३. आधीची सात वर्षं तो हात हलवत परत गेला. इतरांना वाक्यं देणाऱ्या नटाचं असं होतं.

‘चीअर्स’नंतर लगेच यश आलं नाही. ‘इंक’ (१९९६–९७) पत्नी मेरी स्टीनबर्गनसोबत केली, ती एका हंगामात संपली. मग ‘बेकर’ (१९९८–२००४), १२९ भाग. ही निवड विचार करण्याजोगी आहे. सॅमला सगळ्यांनी आवडून घ्यावं असं वाटतं; डॉक्टर बेकरला कुणी आवडून घेतलं काय नि नाही काय, फरक पडत नाही. मूळ गुण उलटा केला आणि तंत्र तेच ठेवलं: इथेही एक काउंटर आहे, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या छोट्या खाणावळीचा, फक्त तो आता काउंटरच्या दुसऱ्या बाजूला बसतो. पुढे ‘डॅमेजेस’मध्ये लबाड अब्जाधीश, ‘कर्ब युअर एन्थुझिॲझम’मध्ये स्वतःचंच चिडचिडं रूप, ‘फार्गो’च्या दुसऱ्या हंगामात शेरीफ. या कामांत हशा देणारे समोरचे प्रेक्षक नाहीत, म्हणून थांबायची जागा नाही, आणि त्याने थांबणं सोडून दिलं. रंगमंचावरून मालिकेत गेलेले आपले अनेक नट कॅमेऱ्यासमोरही अदृश्य हशासाठी थांबतात. त्यांनी ‘बेकर’ आणि ‘डॅमेजेस’ लागोपाठ बघावी.

‘द गुड प्लेस’ (२०१६–२०२०) मध्ये तर त्याची लाडकी यजमानाची प्रतिमाच सापळा म्हणून वापरली. पहिल्या हंगामाच्या अखेरीस त्याने केलेल्या मायकेल या यजमानाचं हसू ज्या क्षणी बदलतं तो क्षण चालतो, कारण प्रेक्षकाने पस्तीस वर्षं त्या चेहऱ्यावर विश्वास टाकलेला असतो. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मायकेल एका बारमागे उभा राहून नायिका एलिनॉरला पेय देतो, हातात फडका, आणि ‘चीअर्स’ पाहिलेल्या प्रत्येकाला ते कळतं. २०२४ च्या ‘अ मॅन ऑन द इनसाइड’मध्ये तो निवृत्त प्राध्यापक होऊन वृद्धाश्रमात गुप्तपणे वावरतो, इथेही मुख्य काम ऐकण्याचंच.

आता एकांकिकेतलं उरलेलं. भिंतीवर फोटो लागेल. ‘चीअर्स’च्या बारमध्ये सॅमचा म्हणून जो फोटो टांगलेला आहे तो खरं तर जिम लाँबर्गचा, रेड सॉक्सचा १९६७ चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवणारा पिचर, जर्सी क्रमांक १६. तुम्हाला दुसऱ्याचा फोटो वापरायची गरज नाही आणि खऱ्या संघाचं चिन्हही नको, त्यांचे हक्क राखलेले असतात. संघाचं नाव कल्पित ठेवा, नटाला शाळेच्या मैदानावर उभं करा, स्ट्रेचमधून फेक करताना दुरून, कडेने टिपा, म्हणजे चेहरा बारीक येईल आणि वय कळणार नाही. मॅट कागदावर काढा. चकचकीत कागद दिव्यांत नुसता पांढरा चमकतो. आकार आठ बाय दहा इंच पुरे. ट्रॉफ्या लावू नका, एकही. फोटो काउंटरच्या मागे मधोमध न लावता टेलिफोनच्या वर, थोड्या अडचणीच्या जागी लावा, म्हणजे कुणाला तो बघायचा झाला तर फोनवर बोलणाऱ्याला बाजूला व्हायला सांगावं लागेल.